म्हापशातलं जुनं दुकान शोधतेय, हातात फक्त उधारीची वही आहे

अस्नोड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. आमचं माहेर अस्नोड्याला, मी आता डिचोलीत असते. गेल्या महिन्यात माळा साफ करताना आजोबांची एक वही सापडली, लाल कापडी पुठ्ठ्याची, वरून खाली उलगडते तशी लांबट. महिन्याच्या सामानाची उधारीची वही आहे म्हणजे दुकानदार लिहून द्यायचा ती. आजोबा दर शुक्रवारी कारेरीने, म्हणजे बसने, म्हापशाला बाजाराला जायचे आणि सगळं सामान एकाच दुकानातून आणायचे असं आई सांगते, पण दुकानाचं नाव तिला आठवत नाही. घरात सगळे "म्हापशाचो पसरो", म्हणजे म्हापशाचं दुकान, एवढंच म्हणायचे. आई आता पंचाहत्तरीला आली, लहानपणी दोन-तीनदा आजोबांबरोबर गेलेली, तिला तीन उंच पायऱ्या आठवतात आणि पायरीवर बसलं की मारुतीच्या देवळातली घंटा ऐकू यायची हे आठवतं, आणि दुकानदार तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. वही बघितल्यापासून ती रोज विचारते, कळलं का गे काही.

पहिल्या पानावर रबरी शिक्का आहे पण शाई इतकी उडालीय की रोमन अक्षरात "फिल्योस" आणि खाली "बायश" एवढंच लागतं. साल कुठेच नाही, सगळ्या नोंदी तिथीने. अक्षर बाळबोध, आकडे मात्र काही ठिकाणी मोडी वळणाचे.

आणखी तीन गोष्टी कळत नाहीत. एक, दर महिन्याला "पेत्रोल २ बाटल्या" लिहिलंय, आजोबांकडे तर सायकलसुद्धा नव्हती. दोन, एका ठिकाणी "ऑलांद बटाटे" म्हणून आहे. आणि तिसरं म्हणजे महिन्याची बेरीज सगळीकडे १३-१४ अशी येते आणि मग एका पानापासून एकदम ८०-८५ व्हायला लागते, सामान तेवढंच आहे, उकडे तांदूळ, खोबरेल, साखर, मिरची, तरी पैसे सहापट. आजोबा गरीब माणूस, त्यांनी हे भरलं कसं असेल हे वाचून मला रात्री झोप लागली नाही.

जुन्या म्हापशाची माहिती असलेलं कोणी आहे का इथे?

जुनी_कागदं:
ताई, पहिल्यांदा झोप लावून घ्या, महागाई झालेली नाही. चलन बदललं. गोव्यात पोर्तुगीज रुपया होता, १६ तांग्यांचा, तो बंद करून १ जानेवारी १९५९ पासून इस्कुद आणला, एका रुपयाला ६ इस्कुद. १४ सक ८४. दुकानदाराने जुन्याच वहीत नव्या पैशात लिहायला सुरुवात केली एवढंच. तुमचे आजोबा आधी देत होते तेवढेच देत होते.

आता ज्या पानावर हा बदल झालाय तिथली तिथी बघून सांगाल का? आणि त्याच्या सहा महिने आधी दोन श्रावण लिहिलेत का तेही बघा. १९५८ साली अधिक श्रावण होता, तो वहीत असला तर मग शंकाच नको.

पेत्रोल म्हणजे रॉकेल हो. आमच्याकडे जुनी माणसं अजून पेत्रोलाचो दिवो म्हणतात. वीज नव्हती घरात, म्हणून दोन बाटल्या.

अस्नोड्याची_लेक:
दादा, अंगावर काटा आला. आत्ताच वही काढून बघितली. "अधिक श्रावण" आणि नंतर "निज श्रावण" दोन्ही आहेत!! आणि आकडे बदलतात ते पान पौषाचं आहे, पौष शु. ४ ला "तीळ अर्धा शेर, गूळ एक शेर" अशी नोंद आहे, म्हणजे संक्रांतीचं सामान ना? आईला वाचून दाखवलं तर म्हणाली त्या वर्षी मला हलव्याचे दागिने घातले होते. किती वेळ ते पान तशीच हातात धरून बसली होती.

शेळपें_वाला:
अगदी बरोबर, १९५९ ची संक्रांत पौष शुद्धातच येते.

बटाट्यांचं मी सांगतो. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तोवर कांदे-बटाटे घाटावरून यायचे ते बंद झालं, मग बोटीने माल यायला लागला, बटाटे हॉलंडचे, चहा सिलोनचा, सिमेंट जपानचं. माझे वडील सांगायचे की बेळगावचा बटाटा मिळत नव्हता पण समुद्रापलीकडचा मिळत होता. ऑलांद म्हणजे हॉलंडच, पोर्तुगीजमध्ये सुरुवातीचा ह उच्चारत नाहीत, दुकानदाराने ऐकलं तसं लिहिलं.

शिक्क्यावरचं "बायश" म्हणजे बहुतेक फैर बायश. म्हापशात फैर आल्त आणि फैर बायश असे दोन वाडे आहेत, वरची फेरी आणि खालची फेरी, फेरी म्हणजे बाजार. आणि "फिल्योस" हे "आणि मुलगे" अशा अर्थाचं, म्हणजे बापलेकांचं दुकान, एकट्याचं नाही. त्यामुळे नाव नसलं तरी शोधायला बरंच आहे हातात, घराण्याचं दुकान होतं, खालच्या बाजाराला होतं, आणि घंटा ऐकू येण्याइतकं मारुतीच्या जवळ.

पसरकाराचो_नातू:
आमचं पण किराणाचंच दुकान, तिसरी पिढी. एक गोष्ट लक्षात ठेवा की आज जे म्युनिसिपालिटीचं मार्केट आहे, त्या ओळी, ते १९६० च्या सुमाराचं. तुमची वही त्याच्या आधीची. आमचे आजोबा जुन्या जागेवरून नव्या मार्केटात आले, आमच्या शेजारचे आले नाहीत, जुन्या घराच्या खालच्या मजल्यावरच राहिले. त्यामुळे मार्केटच्या ओळीत तीन पायऱ्या शोधून मिळणार नाहीत. पायऱ्या असायच्या त्या जुन्या घरांना, वर राहायचं आणि खाली दुकान, पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून जोतं उंच. तसली काही घरं अजून उभी आहेत, कुठे मोबाईलचं दुकान कुठे रेडीमेड कपड्यांचं, पण पाटी नवी असली तरी पायरीचा चिरा जुनाच असतो.

आणि नाव विचारत फिरू नका, वही दाखवत फिरा. अक्षर ओळखतात माणसं. आमच्या आजोबांचं अक्षर मला आज कुठेही दिसलं तर ओळखेन, त्यांचा सात उलटा पडायचा. ज्याच्या घरात ती खतावणी होती त्याला कळणारच.

जुनी_कागदं:
हे पटलं. कागदावर शोधायचं असेल तर पणजीला पाटोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात जा, १८३२ पासूनचं ग्रंथालय आहे, तिथे जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात. हेराल्ड १९०० पासूनचं, तेव्हा पोर्तुगीज भाषेत निघायचं, त्यातल्या जाहिराती बघा, बातम्या नकोत. दैनिक गोमन्तक मार्च १९६२ चा, म्हणजे तुमच्या वहीच्या नंतरचा, पण तो सोडू नका. दुकान मुक्तीनंतर चालू असलं तर दिवाळीच्या शुभेच्छांत नाव यायची शक्यता मोठी. तसंच बोडगेश्वराच्या जत्रेची आणि नाटकांची जुनी हस्तपत्रकं कोणाकडे असली तर बघा, खाली बारीक अक्षरात दुकानदारांची नावं असतात.

शिक्क्याचा फोटो दुपारच्या उन्हात काढू नका. अंधाऱ्या खोलीत बॅटरी अगदी कागदाला टेकवून आडवी धरा, शाई गेली तरी दाब राहिलेला असतो, पुष्कळदा अक्षरं उठून दिसतात.

अस्नोड्याची_लेक:
बॅटरी आडवी धरून बघितलं. पहिलं अक्षर "व" चं आहे हे नक्की, पुढे काहीतरी आणि मग "नाथ". विश्वनाथ की वैजनाथ ते नाही लागत. आईला दोन्ही नावं म्हणून दाखवली तर ती म्हणाली नाव नाही माहीत पण दुकानात एक मुलगा बसायचा माझ्याएवढाच, कागदाचे कोन वळायला, आणि त्याचं वळून झालं की तो मला एक द्यायचा. तो असेल अजून, नाही का?

येत्या शुक्रवारी तिला घेऊन येतेय म्हापशाला. गर्दीत तिला फार चालवत नाही, मारुतीच्या देवळापाशी बसवीन आणि वही घेऊन मी फिरेन.

पसरकाराचो_नातू:
बाय, सकाळी नवाच्या आत या, नंतर शुक्रवारी पाय ठेवायला जागा नसते. देवळाकडून सुरुवात करा. माझे वडील ऐंशीचे आहेत, त्यांनी पण ते कोन वळलेत, त्यांना घेऊन मी येतो तिथे. आईला म्हणावं, घाई करू नकोस, आम्ही वाट बघतो.