गरोदर बायकांची तपासणी गटानं घेतलीय का कोणी, उपकेंद्राच्या पातळीवर?

सीएचओ_जत
नमस्कार मंडळी. जत तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे मी. दर महिन्याच्या ९ तारखेला, तपासणीच्या दिवशी, पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गरोदर बायकांची ही गर्दी होते, सकाळपासून बसलेली बाई डॉक्टरांसमोर जाते आणि दोन मिनिटांत बाहेर, बीपी वजन गोळ्या झालं, मनातलं विचारायचं राहूनच जातं. अमेरिकेत शॅरॉन रायझिंग या नर्स-मिडवाइफनी १९९० च्या दशकात सेंटरिंग प्रेग्नन्सी म्हणून पद्धत काढली, साधारण एकाच सुमाराला दिवस भरणाऱ्या ८-१२ जणींनी दीड-दोन तास गोल करून बसायचं, वजन-बीपी आपलं आपण मोजून लिहायचं आणि मग बोलायचं. मला मनापासून पटलंय हे. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर एका महिन्याच्या ८ जणी आणायच्या कुठून?

माणदेशी_आशा
८ चा हट्ट सोडा ताई. दोन-तीन महिने पुढंमागं चालतंय, पाच-सहा जणी जमल्या की बास. अंगणवाडीत आरोग्य पोषण दिवसालाच बसवा, वेगळा हेलपाटा नको. आणि पहिलटकरणीबरोबर दुसऱ्या खेपेची एकतरी पाहिजेच. आमच्यात एकीनं लोहाच्या गोळ्या तशाच डब्यात ठेवलेल्या, शी काळी होतीय म्हणून घाबरलेली, मी किती वेळा सांगितलं तरी ऐकत नव्हती. शेजारची म्हणाली अगं मला पण व्हायची, त्यानं काय होत नाय, मी रात्री जेवून झोपताना घ्यायची आणि त्यावर चहा नाय प्यायची. त्या दिवसापासनं घेतीय की!

डॉक्टर_मिरज
कल्पना चांगलीच आहे, पण एक गोष्ट कटाक्षानं पाळा. पोट तपासणं, एचआयव्हीचे वगैरे रिपोर्ट, घरी मारहाण होते का हे विचारणं, सगळं पडद्यामागं एकेकीला बोलवूनच. बीपी तिनं मोजलं तरी १४०/९० किंवा त्याच्या पुढं दिसलं की थोडं बसवून तुम्ही स्वतः परत बघा, नुसतं लिहून सोडू नका. डब्ल्यूएचओनी (जागतिक आरोग्य संघटनेनं) २०१६ च्या शिफारशीत गटाची तपासणी संशोधनाच्या चौकटीत आणि बाईची मर्जी असेल तरच म्हटलीय, त्यामुळं जिला एकटीलाच यायचंय तिला येऊ द्या. झारखंड-ओडिशात एकजुट संस्थेनं बायकांच्या बैठका घेतल्या, तिथं नवजात बाळांचे मृत्यू बरेच कमी झाल्याचं २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. पण त्या बैठका होत्या, तपासणी नव्हती, हा फरक ध्यानात ठेवा.

वाळव्याची_लेक
आमच्याकडं कारखाना सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यात सात-आठ महिन्यांच्या पोटुशी बायका मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवत असतात, बघवत नाही खरंच. त्यांचा गट कुठला धरणार? त्या पहाटे फडावर जातात, तेव्हा दिवसा बोलावून काही उपयोग नाही, संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवरच (झोपड्यांवर) जायला पाहिजे. आणि तपासणीचं कार्ड त्यांच्याजवळच राहू दे, गावी परतल्यावर तिथल्या सिस्टरला तेवढंच कळतं.

सीएचओ_जत
हे डोक्यात आलंच नव्हतं, आमच्या तालुक्यातनं पण जातात की तोडीला. म्हणजे दिवाळीच्या आधीच गट सुरू करून, अंगावरून रक्त जाणं, डोळ्यापुढं अंधारी, बाळ कमी हलणं एवढं तरी पक्कं करून पाठवलं पाहिजे, आणि अँब्युलन्सचा १०८ नंबर. एकच राहिलं, सासूबाई सोबत येऊन बसतात आणि पोरगी तोंडच उघडत नाही, काय करायचं?

माणदेशी_आशा
हाकलू नका, राग धरतात आणि पुढच्या वेळी पाठवतच नायत. सुरुवातीला बसू द्या, मग मी सासवांना अंगणवाडीच्या ओट्यावर घेऊन बसते, बाळंतिणीला काय खायला द्यायचं यावर त्यांचं त्यांचं भांडण चालू होतं. तेवढ्यात आत सिस्टर पोरींशी बोलून घेतात.