‘अंतराळ’ : उत्पत्तीतले आणि अंतराळवीरांचे

पानकिडा : बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाचा पहिला अध्याय आणि खगोलशास्त्र यांवरचा एक लेख मराठीत आणतोय. पाण्यापासून पाणी वेगळे करायला देवाने जे घडवले, त्या लॅटिन ‘फर्मामेंटुम’ला मराठी बायबलात ‘अंतराळ’ आहे. ते तसेच ठेवले तर १:१७ (अध्याय १, वचन १७) मध्ये देव तारे अंतराळात ठेवतो. मग विज्ञानाशी भांडण उरतेच कुठे? आणि १:२० मध्ये पक्षी अंतराळात उडतात! दुसरा शब्द सुचवा.

त्रिज्या : मूळ हिब्रू शब्द ‘रकिया’. धातूचा अर्थ ठोकून पसरवणे. बायबलातच निर्गम ३९:३ मध्ये सोन्याचे पत्रे ठोकतात, तिथे हेच क्रियापद. ईयोब ३७:१८ मध्येही तेच, आणि तिथे आभाळ ओतीव आरशासारखे भक्कम. ग्रीक भाषांतरकारांनी ‘स्टेरेओमा’ केले. ‘स्टेरेओस’ म्हणजे घन, आपला स्टिरिओही त्यातलाच. लॅटिन त्याच वाटेने गेले. म्हणजे वर पाणी, मध्ये कडक छत, खाली पाणी. ‘अंतराळ’ने छतच काढून टाकले. ‘घुमट’ म्हणा.

सभामंडप : घुमट नको. देवळात गाभारा आणि सभामंडप यांच्या मधल्या दालनाला अंतराळच म्हणतात. ‘मधली जागा’ हा मूळ अर्थ आणि १:६ मध्ये कामही तेच, पाण्यापासून पाणी वेगळे करणे. हिंदी बायबलात ‘अन्तर’ आहे. भाषांतरकाराने वस्तूऐवजी तिचे काम उचलले, यात चूक काय?

रेघोटी : अंतर + आळे = अंतराळ, असे वाचले होते.

सभामंडप : आळे भाजीला ठेवा. संस्कृत ‘अंतराल’. कमलचे कमळ झाले तसा ल चा ळ.

शुद्धमती : घोळ बायबलाने नाही, वर्तमानपत्रांनी घातला. ग्रहताऱ्यांच्या पोकळीला ‘अवकाश’ म्हणा, म्हणजे ‘अंतराळ’ मोकळा होईल.

त्रिज्या : अवकाशवीर कोण म्हणतो? शिवाय ‘अवकाश’ म्हणजे सवडही. शब्द रूढ झाला की त्याचा जुना अर्थ तळटीपेत जातो, तुम्ही चिडलात तरी.

खडूपाटी : ‘आभाळ’ का नको? आभाळ फाटले तर ठिगळ कुठे लावणार, असे आपणच म्हणतो. म्हणजे आपलेही आभाळ पसरलेली, फाटू शकणारी वस्तू आहे. स्तोत्र १०४:२ मध्ये देव आकाश पडद्यासारखे पसरतो. उत्पत्ती ७:११ मध्ये वरून झडपा उघडतात आणि पूर येतो. सगळे बसते. ‘आभाळ आलंय’ म्हणजे ढग, तेही चालून जाते.

त्रिज्या : चालून जाते हाच धोका. वरचे पाणी म्हणजे ढग, हे प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनचे, उत्पत्तीवरच्या १५५४ च्या भाष्यातले उत्तर. खगोलशास्त्र शिकायचे त्याने दुसरीकडे जावे, असेही तो तिथेच म्हणतो. ‘आभाळ’ लिहिलेत की कॅल्विनचा तोडगा मूळ मजकुरात घुसला. पहिल्यांदा ‘रकिया (ठोकून पसरवलेले छत)’ लिहा, पुढे नुसते ‘रकिया’. वाचक तीन ओळींत सरावतो.

शुद्धमती : परका शब्द आयात करण्यापेक्षा ‘नभोमंडप’ घडवा.

सभामंडप : मंडप कापडाचा. पत्र्याचा केलात तर ती शेड.

रेघोटी : लेखाच्या नावात ‘विज्ञान आणि श्रद्धा’ की ‘विज्ञान आणि विश्वास’?

खडूपाटी : मराठी बायबलात इब्री ११:१ ला ‘विश्वास’ आहे, माणसे ‘विश्वास ठेवणारे’. पण महाराष्ट्रात ‘श्रद्धा’ लिहिले की पाठोपाठ ‘अंधश्रद्धा’ येतेच आणि लेख वाचण्याआधी निकाल लागतो.

सभामंडप : उलट ‘विश्वास’ शेजाऱ्यावरही असतो. नावात तो शब्द पोकळ वाटेल.

शुद्धमती : असल्या शंका गोव्यातले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांना पडल्या नाहीत. आपल्या मराठी क्रिस्तपुराणात त्यांनी स्वर्गाला सरळ ‘वैकुंठ’ म्हटले. गोव्यातल्या राशोलला १६१६ साली छापले, लोकांना कळले.

त्रिज्या : त्याच १६१६ च्या मार्चमध्ये रोमच्या चर्चने पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणारे कोपर्निकसचे पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत थांबवले होते. तिथे वाद बायबलातल्या यहोशवा १०:१३ मधला सूर्य खरोखर थांबला का, यावर. एका शब्दाने काय अडते ते बघा.

शुद्धमती : ते सूर्याचे झाले. ‘वैकुंठ’वर बोला.

पानकिडा : वैकुंठ नंतर. १:२० मधल्या पक्ष्यांचे काय करू? मूळ हिब्रूप्रमाणे ‘रकियाच्या तोंडावरून उडोत’ असे लिहिले तर संपादक ‘तोंड’ कापणार.