अनुभव धागा: आपली ख्रिस्ती श्रद्धा रोजच्या जगण्यात तुम्ही इतरांपर्यंत कशी पोचवता?

धागा सुरू करणारा, तलावपाळी, ठाणे

ठाण्याला सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, नवी नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी इथेच प्राण दिले. त्यांच्या सोबत्याने, जॉर्डनने, त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. आपल्या वाट्याला तसलं काही येत नाही. आपल्याला विचारतात ते लोकलमध्ये, जिन्यात, डबा खाताना. संविधानाचं २५वं कलम धर्माचा प्रसार करायची मोकळीक देतं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थही सांगितला: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला ही रेघ अगदी योग्य वाटते. विचारलं तर मनापासून सांगावं, आणि समोरचा काय ठरवतो ते त्याच्यावर सोडावं. तुमचे अनुभव लिहा.

ठाण्याहून वाशीला नोकरीला जाणारी

राखेच्या बुधवारी मी सकाळची मिस्सा करून लोकल पकडते. कपाळावर क्रूस असतोच. कुणीतरी रुमाल पुढे करतंच, "ताई, काहीतरी लागलंय बघा." मग मी सांगते: मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. ती लावताना फादर आठवण देतात की माणूस मातीचा आहे आणि मातीलाच मिळणार आहे. यंदा शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आमच्या चातुर्मासासारखंच की!" मी हो म्हटलं, पण फरकही सांगितला. आमचा उपासकाळ येशूच्या मरणाकडे आणि पुनरुत्थानाकडे नेतो, त्याचीच ती तयारी. घणसोली येईपर्यंत त्या विचारत होत्या.

परिचारिका, कळवा

सलाईन लागलेला माणूस अडलेला असतो, "नको" म्हणायची त्याला सोय नसते. म्हणून वॉर्डात मी आपणहून विषय काढत नाही. एका रात्रपाळीत काचेच्या पेटीतल्या बाळाची आई म्हणाली, "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा ना." मी विचारलं, "मनात करू की मोठ्याने?" ती म्हणाली, "मोठ्याने." येशूच्या नावाने दोन वाक्यांची प्रार्थना केली. ती गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरून उभी होती. मी त्या माळेबद्दल चकार शब्द काढला नाही. बाळ घरी गेलं. मी देवाचे आभार मानले, आणि डॉक्टरांनी किती धडपड केली तेही तिला सांगितलं. प्रार्थना केली म्हणजे गुण येईलच, असं वचन मी कधीच देत नाही. ते द्यायचा अधिकार माझ्याकडे नाही.

घणसोली

आम्ही मूळचे नगरकडचे. घरच्या प्रार्थनासभेत आई पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हणते. समोरचे वारकरी काका एकदा दारातच थबकले, "अहो, हा तर अभंग!" आईने त्यांना आत बोलावून चहा दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढेही ते मराठीचे कवी राहिले, हे काकांना ठाऊक नव्हतं. आता ते येऊन टाळ धरतात. माळकरी आहेत, माळकरीच राहतील, आणि आईला त्यांचं येणं फार आवडतं.

नेरुळ

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहितो. स्टेशनवर गर्दीच्या वेळी हातात पत्रक कोंबलं की मला राग येतो. वडील गेले तेव्हा तेरावं व्हायच्या आधीच ओळखीचे एक गृहस्थ मला म्हणाले की तुमच्या वडिलांना तारण नाही. ते फार लागलं. याउलट ऑफिसातला ख्रिस्ती मित्र शववाहिनीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत माझ्यासोबत फिरला, धर्माचं एक अक्षर बोलला नाही. पुढे मीच विचारलं, तुम्ही मरणाबद्दल काय मानता? त्याने योहानाच्या शुभवर्तमानातला लाजरचा प्रसंग वाचून दाखवला. आपण मित्राला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडतो. हे मला आत भिडलं. मी बायबल मागून घेतलं. "मार्कपासून धर," तो म्हणाला, "सगळ्यात छोटं शुभवर्तमान आहे, १६ अध्याय." वाचतोय. पुढचं मला माहीत नाही, आणि तोही कधी विचारत नाही.

खारघर

माझा प्रश्न घरातलाच आहे. कॉलेजात जाणारा मुलगा उपासनेला येत नाही. त्याला ओढून नेणं मी सोडलंय. जेवणाआधीची प्रार्थना मात्र त्याच्यासमोरच करते, तेवढा वेळ तो ताटाला हात लावत नाही. त्याचे प्रश्न खरे आहेत, दुःख का असतं वगैरे, आणि मी पाळकांची पाठ केलेली उत्तरं देऊ इच्छित नाही. ज्यांची मुलं अशी आहेत त्यांनी कृपया लिहा.