‘फाशी झाली’ म्हणजे नेमकं काय झालं?

रामबागवासी (इंदूर)
आमच्या मंडळात पुढच्या महिन्यात वादसभा आहे. विषय: देहदंड असावा की नसावा. पत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीत अडले. परवा मोबाइलवर मथळा होता, ‘तिघांना फाशी’. सासूबाईंनी वाचून विचारलं, “कधी दिली?” दिली नव्हती, सत्र न्यायालयाचा निकाल लागला होता. मग ‘फाशी झाली’ म्हणजे निकाल की अंमल? आणि देहदंड, मृत्युदंड, फाशी, देहांत शासन यांतला कुठला शब्द पत्रकात घालू? आमच्याकडे हिंदीत ‘सज़ा सुनाई’ आणि ‘फाँसी दी गई’ असं वेगवेगळं म्हणतात, मराठीत गोंधळ का?

पोहेजिलेबी
हिंदी पेपरही ‘तीन को फाँसी’ असंच छापतात की! भाषेला दोष नका देऊ, मथळ्याच्या जागेला द्या.

काळा कोट
ताई, बोलीत दोन्ही अर्थ चालतात, पण बाररूममध्ये आम्ही ‘फाशी झाली’ म्हणायचो तेव्हा अर्थ निकाल एवढाच असायचा. अंमल झाला की ‘फाशी दिली’. देणारा कोणीतरी आहे, हे त्या क्रियापदात दिसतं. ‘झाली’मध्ये तो दिसत नाही, पाऊस झाला, लग्न झालं, तशी फाशी झाली!

दोन्हींमध्ये अंतर किती ते बघा. सत्र न्यायालयाने ठोठावलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. इंदूरच्या सत्र न्यायालयाची असेल तर प्रकरण आपल्या खंडपीठापुढे जातं. मग सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपालांकडे अनुच्छेद 161 खाली आणि राष्ट्रपतींकडे 72 खाली दयेचा अर्ज. 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या अर्जावरच्या निर्णयाला अवाजवी उशीर झाला तर त्या कारणावरून फाशीची जन्मठेप होऊ शकते. आणि अर्ज फेटाळल्याचं कळवल्यावर अंमलाआधी किमान 14 दिवस मिळाले पाहिजेत. तुमच्या वादसभेतले निम्मे मुद्दे, म्हणजे चुकीचा निकाल, दया, वर्षानुवर्षं कोठडीत वाट बघणं, या मधल्या काळातलेच असणार. ‘झाली’ म्हटलं की तो काळच गायब होतो.

जाता जाता: मराठीत शिक्षा ‘ठोठावतात’. ‘सुनावली’ आपण हिंदीवरून घेतलं. हल्ली सर्रास चालतं, पण मला अजून ‘चार शब्द सुनावले’च ऐकू येतं.

रामबागवासी
काका, म्हणजे ‘फाशी’ शब्दच नको?

काळा कोट
तत्त्वाचा वाद असेल तर नको. फाशी ही पद्धत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 354(5) मध्ये मृत्यू येईपर्यंत गळफास द्यावा असं होतं, नव्या संहितेतही तसंच आहे. पद्धतीचा वाद निराळा. 1983 मध्ये दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची पद्धत घटनेला धरून असल्याचं म्हटलं, आणि 2003 मध्ये विधी आयोगाने पद्धतीवरच वेगळा अहवाल दिला. तुमच्या सभेत कोणी उठून “फाशी क्रूर आहे, इंजेक्शन द्या” म्हणाला तर तो देहदंडाच्या बाजूनेच बोलतोय. ‘मृत्युदंड’ हिंदीत ठीक. मराठी कानाला नुसता ‘दंड’ म्हणजे पावती फाडणं. ‘देहदंड’ मात्र रुळलेला आहे.

बखरवेडा
रामशास्त्र्यांना विसरू नका. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल (1773) त्यांनी राघोबादादांना सांगितलं ते ‘देहांत प्रायश्चित्त’, अशी परंपरा आहे. दंड राजा देतो. प्रायश्चित्त दोषी माणसाने आपलं पाप मानून स्वतः घ्यायचं असतं. राघोबादादांनी अर्थातच घेतलं नाही. पण आजही ‘त्याला पश्चात्ताप झालाय का’ हा प्रश्न शिक्षेच्या वादात येतो, तो या शब्दात आधीच बसलेला आहे. ‘देहांत शासन’मध्ये तो नाही, तिथे फक्त हुकूम.

पोहेजिलेबी
आणि ‘फासावर गेले’? चापेकर बंधू फासावर गेले, भगतसिंग फासावर गेले. खुन्याला मात्र आपण ‘लटकवतो’. एम. वाय. हॉस्पिटलच्या आवारातल्या कडुलिंबाजवळून जाताना आजोबा म्हणायचे, बख्तावरसिंह इथे ‘फाशी गेले’. अमझेराचे राणा, 10 फेब्रुवारी 1858. इंग्रजांच्या लेखी तो बंडखोराला दिलेला देहदंडच होता. ‘गेले’ की ‘लटकवलं’ यावरून बोलणारा कुठल्या बाजूचा ते कळतं, म्हणून पत्रकात दोन्ही टाळा.

राजवाड्यामागे
इंदुरात बसून हा वाद आणि आडा बाजाराचं नाव नाही? मालेरावांच्या रथाखाली वासरू मेलं, अहिल्याबाईंनी पोटच्या पोरालाच तशीच शिक्षा फर्मावली, रथ हाकायला कोणी धजेना म्हणून स्वतः बसल्या, तर तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली. म्हणून ‘आडा’.

बखरवेडा
गोष्ट सुंदर, व्युत्पत्ती लोकांची. इतिहास म्हणून छापू नका.

काळा कोट
इतिहास नसेल, पण वादसभेला उपयोगी आहे. जिचं वासरू गेलं तीच आडवी येते. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी माफ केलं तर राज्याने काय करायचं? गांधीहत्येतल्या दोषींना फाशी देऊ नये म्हणून मणिलाल आणि रामदास या गांधीजींच्या मुलांनी विनवणी केली होती. 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्यात फाशी दिली गेलीच. त्याच वर्षी 3 जूनला संविधान सभेत आंबेडकर देहदंड काढून टाकण्याच्या बाजूने बोलले होते.

रामबागवासी
‘दुर्मिळातील दुर्मिळ’चं काय करू? देहदंड कधी द्यावा याची बच्चनसिंग निकालातली (1980) कसोटी म्हणून सगळे लिहितात, पण ‘दुर्मिळ’ म्हटलं की मला नाणी आणि जुनी पुस्तकंच आठवतात. आणि पत्रकात विषय ‘फाशी रद्द व्हावी का?’ असा ठेवते.

काळा कोट
माझाही आक्षेप आहे. ‘अत्यंत अपवादात्मक’ लिहा. पत्रकासाठी विषय असा ठेवते म्हणालात: ‘फाशी रद्द व्हावी का?’ तो बदला. वरच्या न्यायालयाने एका आरोपीची शिक्षा बदलून जन्मठेप केली तरी मथळा ‘फाशी रद्द’, तो निर्दोष सुटला तरी ‘फाशी रद्द’. तुम्हाला कायद्याविषयी विचारायचंय. ‘देहदंडाची तरतूद कायद्यातून काढावी का?’ असं लिहा. 2015 च्या विधी आयोगाच्या अहवालात दहशतवादाचे आणि देशाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे गुन्हे वगळून ती काढावी असं म्हटलंय. तेव्हा ‘पूर्णपणे’ हा शब्द घालायचा की नाही ते मंडळात आधी ठरवून घ्या, नाहीतर पहिला अर्धा तास त्यातच जाईल.