जॅझच्या सोलोमध्ये सम कुठे असते? पेटीवाल्याचा प्रश्न

नौपाडा_पेटी:
नमस्कार मंडळी, मी ठाण्यात राहतो, भजनाला आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ करतो. हल्ली लोकलमध्ये चार्ली पार्कर, सनी रॉलिन्स हे अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवाले ऐकतोय आणि अक्षरशः वेड लागलंय, पण ही मंडळी सोलो (एकट्याने उत्स्फूर्त वाजवणं) सुरू करतात तेव्हा नक्की कशावर वाजवतात? राग तर नाही, मग धरून काय ठेवलंय? हाताने ताल धरायला जातो आणि थोड्याच वेळात हरवतो. कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांचे) चार्ट बघून काही डोक्यात शिरत नाही, कोणी पेटीच्या भाषेत सांगेल का?

वाशी_गिटार:
दादा, आवर्तन आहेच, फक्त लांबलचक आहे. त्या काळातल्या ब्रॉडवेच्या नाटकांतली बरीच गाणी ३२ बारची, आठ-आठचे चार तुकडे: मुखडा, परत मुखडा, अंतरा, परत मुखडा. बार म्हणजे मात्रांचा छोटा गट, बारला चार मात्रा धरा, म्हणजे १२८ मात्रा झाल्या. एकदा चाल वाजवून झाली की ती सोडतात, खालचे कॉर्ड मात्र त्याच क्रमाने फिरत राहतात आणि सोलो त्यावर. हरवलात तर अंतऱ्याची वाट बघा, तिथे कॉर्ड एकदम वेगळ्या घरात जातात, कानाला कळतंच. गर्श्विनचं १९३० चं 'आय गॉट रिदम' ऐका आणि लगेच रॉलिन्सचं 'ओलिओ'. चाल वेगळी, सांगाडा तोच! मूळ गाण्याला शेवटी दोन बार जास्त होते, ते जॅझवाल्यांनी काढून टाकले.

नेरूळ_पियानो:
वरचं बरोबर आहे पण दादा, समेवर जोर शोधू नका, तिथेच आपण फसतो. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या, आठवडाभर फक्त एवढंच करा.
आता पेटी घ्या. पांढरी एक पट्टीचा सा, भाता डाव्या हाताने, उजव्या हाताची दोनच बोटं. शुद्ध म आणि वरचा सा एकत्र दाबा. मग म तसाच ठेवून सा चा नी करा. मग नी तसाच ठेवून म चा ग करा. बस. हे करताना तोंडाने खाली रे, प, सा म्हणत जा, म्हणजे रे मायनर सेव्हन, प सेव्हन, सा मेजर सेव्हन असे तिन्ही कॉर्ड ऐकू येतील. मधल्या म-नी मध्ये जो ताण आहे ना, तो ग वर उतरल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही, आणि सगळी हालचाल अर्ध्या-अर्ध्या सुराची. पार्करची सुरावट हळू करून ऐका, कॉर्ड बदलला की तो बऱ्याचदा नेमका ह्याच सुरांवर येतो. रागात सा जागचा हलत नाही, इथे अंतऱ्यात सा च बदलतो, म्हणून तुम्हाला धरायला काही सापडत नव्हतं.

कळवा_रेकॉर्ड्स:
थोडं इकडचंही सांगतो. हे सगळं आपल्याकडे रेकॉर्डवरूनच आलं असं नाही, १९३५ मध्ये अमेरिकन लिऑन अॅबीचा जॅझ बँड मुंबईत ताजमध्ये वाजवत होता, नंतर पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. गोव्याचे वादक ते ऐकत होते आणि त्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत होतं, त्यामुळे पुढे सिनेमाची ऑर्केस्ट्रा त्यांनीच उभी केली. आपले पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र आणि ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, 'अलबेला' सिनेमा १९५१ चा, त्यातले ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) नुसते कान देऊन ऐका. अरेंजर (कुठलं वाद्य काय वाजवणार ते लिहून देणाऱ्या) मंडळींचं नाव पडद्यावर फार मोठं कधी आलं नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

नौपाडा_पेटी:
ताई, म-सा, म-नी, ग-नी वाजवलं, अंगावर काटा आला! पण माझं सगळं भजन काळी चारला असतं, तिथे चालेल का?

नेरूळ_पियानो:
चालेल की, सा काळी चारला धरा, बाकी अंतरं तीच. आणि रोज सा बदलून वाजवा, काळी एक, पांढरी पाच, सगळीकडे, तरच अंतऱ्यात हात अडणार नाही.