घोळीचं घुमणं आणि देवमाशाचं गाणं
समुद्राचे आवाज ऐकायला अनेक देशांनी एकत्र यायची गरज काय, असं विचारलं जातं. अहो, पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. देवमाशाची खर्जातली हाक शेकडो किलोमीटर जाते, एका देशाच्या हद्दीत थांबत नाही. ओमानजवळ ध्वनिमुद्रित झालेलं निळ्या देवमाशाचं अनोळखी गाणं हिंदी महासागरातल्या चागोस बेटांजवळच्या आणि मादागास्करजवळच्या नोंदींतही सापडलं, तेव्हा कुठे २०२० साली हा वेगळा समूह असावा हे पुढे आलं.

आमच्या वर्सोवा कोळीवाड्यात आजोबा वल्ह्याला कान लावून खाली घोळ मासा आहे का ते सांगायचे. (घोळ घुमते ती पोटातल्या बोताच्या, म्हणजे हवेच्या पिशवीच्या जोरावर, ज्याला बाजारात एवढा भाव येतो तोच बोत.) आता इंजिनांच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. मुंबईच्या समुद्रातही पाण्याखालचे आवाज टिपणारे कायमचे हायड्रोफोन हवेत, आणि त्यांच्या नोंदी सगळ्यांना खुल्या हव्यात.