२० फुटी पाँटून बोट, आठ माणसं, गायमुखची खाडी: मशीन २५, ४० की ६० एचपी?

कोलशेतवाली

नमस्कार. घरच्यांसाठी २० फुटी अॅल्युमिनियमची पाँटून बोट ठरवली आहे, म्हणजे दोन बंद नळकांड्यांवर बसवलेला सपाट डेक. पाँटूनच घ्यायचं कारण सासऱ्यांची व्हीलचेअर. जेटीवरून फळी टाकली की खुर्ची सरळ डेकवर येते, कुणाला त्यांना उचलावं लागत नाही. ते मूळचे उत्तनचे. फ्लॅटच्या खिडकीतून खाडीची एक पट्टी दिसते, तिच्याकडे बघत बसतात. त्यांना पाण्यावर न्यायचंय.

बोटीवर कंपनीने लावलेल्या प्लेटवर कमाल ७५ एचपी आणि १० माणसं लिहिलंय. रिकाम्या बोटीचं वजन ७५० किलो. आम्ही नेहमी आठ जण असू, त्यात तीन मुलं. कोलशेतहून निघून गायमुख, नागला बंदर, फार तर घोडबंदरच्या किल्ल्यासमोरपर्यंत जायचं आणि अंधार पडायच्या आत परत. वेगाची हौस नाही.

विक्रेता म्हणतो ४० पुरे. नवऱ्याचा मित्र म्हणतो २५ मध्येही भागतं. कुणी ६० म्हणतं. किमतीत फरक मोठा आहे आणि हा आकडा नक्की कशावर ठरवायचा हेच कुणी नीट सांगत नाही.

वाशी_सेक्टर१७

माझ्याकडे जवळपास अशीच पाँटून आहे, धरणाच्या पाण्यावर असते. २५ एचपी, सहा जण, व्यवस्थित चालते. वेग नको असेल तर उगाच मोठं मशीन कशाला? वजन वाढतं, पेट्रोल वाढतं. माझं मत २५.

दिवाळे_मशीनवाला

ताई, वाशीच्या दादांचं त्यांच्या पाण्यापुरतं बरोबर आहे. धरणाचं पाणी उभं असतं. तुमचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. आउटबोर्डचीच (बोटीच्या मागे बाहेरून लावतात त्या मशीनची) कामं करतो म्हणून जरा लांब लिहितो. घरचे म्हातारे आणि मुलं बसणार आहेत, तेव्हा नीट वाचा.

आधी वजन मांडा. बोट ७५०, मशीन ११५ च्या आसपास, बॅटरी २५, पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे ३७, आठ माणसं मुलं धरून ४८०. वर व्हीलचेअर, नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट, पाणी, डबे, ९० तरी धरा. झाले दीड टन. विक्रेत्याने वेगाचे आकडे सांगितले असतील तर ते दोन माणसांवरचे की आठ माणसांवरचे, विचारा. पाँटूनमध्ये हा फरक फार पडतो, कारण वजन वाढलं की नळकांडी खोल बुडतात आणि तेवढं जास्त पाणी ढकलावं लागतं.

दुसरं, प्रवाह. उल्हास नदीचं बहुतेक पाणी आणि उधाणाला आत शिरलेली भरती, दोन्ही वसईच्या खाडीतून बाहेर पडतात. ओहोटीला पाणी पश्चिमेला धावतं. तुमचं घर पूर्वेला. म्हणजे फिरून परत येताना ओहोटी लागली की ती समोरून. किती जोर आहे ते मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मोजा. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी, भर ओहोटीला गायमुखला जा. काठाने १०० मीटर मोजा, नारळ लांब फेका, घड्याळ लावा. दीड मिनिट लागलं तर प्रवाह ताशी ४ किमी. दोन मिनिटं लागली तर ३. भांगाच्या दिवशी (अष्टमीच्या आसपास, लहान भरती-ओहोटी असते तेव्हा) मोजून उपयोग नाही, तेव्हा पाणी मऊ असतं.

आठ माणसांवर २५ चं मशीन पूर्ण थ्रॉटलला ताशी १२-१३ किमी देईल. त्यातून ४ गेले, हातात राहिले ८. चालतं की, असं वाटेल. पण मशीन तेव्हाच पूर्ण जोरावर आहे, शिल्लक काही नाही, आणि अजून वारा धरलेलाच नाही.

पाँटूनला बाजूने पत्र्याचं कुंपण आणि वर कॅनोपी असते. ताशी ३० किमीचा वारा आडवा लागला तर तेवढ्या उभ्या पत्र्यावर आणि कापडावर ३५-४० किलोचा रेटा येतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. पाँटून पाण्यात खोल बसत नाही, त्यामुळे वाऱ्याने सरकत जाते. दुपारनंतर आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि ओहोटी पश्चिमेकडे जाते. दोघं समोरासमोर आले की खाडीत आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा पाण्यात जेटीला लावताना बोट जागेवर धरून ठेवता आली पाहिजे. पाँटूनला ताकद लागते ती इथे, पळायला नाही.

म्हणून माझं उत्तर ६०, आणि त्यातही मोठ्या गिअरकेसचं. यामाहा त्याला हाय थ्रस्ट म्हणते, मर्क्युरी कमांड थ्रस्ट. एचपी तेच असतात, पण गिअर खाली उतरवलेला असतो आणि पंखा (प्रोपेलर) मोठा बसतो. मर्क्युरीच्या साध्या ६० ला गिअर १.८३ ला एक आहे, कमांड थ्रस्टला २.३३ ला एक. पंखा सावकाश फिरतो आणि जास्त पाणी धरतो. भरल्या बैलगाडीला जी जोडी लागते ती शर्यतीची जोडी नव्हे, तसं. रिव्हर्समध्ये तर फरक हाताला जाणवतो.

बजेट अगदी ताणलं जात असेल तर ४० घ्या, पण तेही हाय थ्रस्टच, आणि मग उधाणाच्या ओहोटीला बाहेर पडायचं नाही हा नियम घरात सगळ्यांना माहीत हवा. खाडीवर आठ माणसांना २५ मी बसवून देणार नाही.

पेट्रोलचं म्हणाल तर ६० पूर्ण थ्रॉटलला तासाला २०-२२ लिटर पितं, हे खरं. पण तुम्ही पूर्ण थ्रॉटल देणारच नाही. तीच बोट त्याच वेगाने ढकलायला ताकद तेवढीच लागते, मशीन कुठलंही असो. पेट्रोल वाढतं ते वेगाने. २० फुटी बोट ताशी ११ किमीच्या पुढे गेली की तिने स्वतःच उठवलेली लाट तिला चढावी लागते. त्याच्या आत राहिलात तर खर्च आटोक्यात.

शाफ्टची, म्हणजे मशीनच्या पाण्यात उतरणाऱ्या पायाची, लांबी तपासून घ्या. पाँटूनला बहुतेक २० इंची लाँग शाफ्ट लागतो. १५ इंची स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, लाटेवर पंखा हवा खाईल.

कोलशेतवाली

दादा, मनापासून आभार. सांगितलंत तसं केलं. काल भर ओहोटीला गायमुखला गेलो, नारळ धाकट्याने फेकला, सासरे गाडीत घड्याळ धरून बसले होते. १०० मीटरला ८० सेकंद. म्हणजे ताशी साडेचार किमी. सासरे म्हणाले, "पाणी दिसतं त्यापेक्षा जास्त ओढतंय." २५ चा विषय घरात तिथेच संपला.

आता दुसरा प्रश्न. प्लेटवर ७५ पर्यंत परवानगी आहे. ६० घेतोच आहोत तर ७५ का नाही?

दिवाळे_मशीनवाला

ताई, वजनामुळे. बऱ्याच कंपन्यांत ४० ते ६० एका ब्लॉकवर येतात आणि ७५ पासून पुढचा मोठा ब्लॉक सुरू होतो. ६० असतं ११०-१२० किलोचं, ७५ गेलं १६० च्या घरात. पंधरा एचपीसाठी चाळीस-पन्नास किलो मागच्या टोकाला लटकवायचे. पाँटून मागे बसते, नाळ (पुढचं टोक) वर उठते, आणि तुम्हाला तर पुढच्या दारातून व्हीलचेअर घ्यायची आहे, डेक सपाट हवा. तीन नळकांड्यांची बोट असती तर मीच ७५ किंवा त्याहून मोठं सांगितलं असतं. प्लेटच्या वर मात्र कधीच जायचं नाही. काही झालं तर विमावाले पहिली प्लेट बघतात.

ऐरोली_खाडीकाठ

ताई, मशीनबद्दल दादांनी सगळं सांगितलंय. मी खाऱ्या पाण्याचं सांगते, कारण अॅल्युमिनियम आणि खारं पाणी यांचं जमत नाही. नळकांड्यांना तांबं असलेला अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले चिकटू न देणारा) रंग अजिबात लावू देऊ नका. तांब्यामुळे अॅल्युमिनियम खात जातं. अॅल्युमिनियमला चालणारा रंग वेगळा मिळतो. बोटीला आणि मशीनला अॅनोड (बोटीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) लावलेत का बघा, झिजून अर्धे झाले की बदला. प्रत्येक फेरीनंतर मशीनमधून गोडं पाणी दहा-पंधरा मिनिटं सोडायचं.

आपल्या खाडीत प्लास्टिकच्या पिशव्या फार. चालताना मशीनच्या मागून जी मशीन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी उडते तिच्यावर एकाची नजर असू द्या. ती बारीक झाली की लगेच मशीन बंद, टिल्ट करून जाळी साफ. ओहोटीला चिखलात पंखा रुतला तरी हेच, चिखल आत ओढला की इम्पेलर (ते पाणी ओढणारं चक्र) जातो.

नोंदणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे असते, बोट पाण्यात उतरवायच्या आधी करून घ्या. आणि कधी इकडे ठाणे खाडीत यायचा विचार असेल तर आधी वन विभागाकडे चौकशी करा. २०१५ पासून हे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर स्थळही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालं. पाँटूनचा आवाज कमी असला तरी थवा उठतो हो, आणि एकदा उठला की त्यांचं खाणं थांबतं.

वाशी_सेक्टर१७

प्रवाहाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. खाडीसाठी ६० पटलं. ताई, छोटी भर: नांगराचा दोर भरपूर ठेवा. मशीन बंद पडलं तर बोट धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट असते.

कोलशेतवाली

६० हाय थ्रस्ट, २० इंची शाफ्ट, आज विक्रेत्याला कळवलं. तो ट्रायल देणार आहे. ट्रायलला काय बघू?

दिवाळे_मशीनवाला

आरपीएम. मशीनच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलचा पट्टा दिलेला असतो, ६० ला साधारण ५,००० ते ६,०००. पूर्ण वजनावर, पूर्ण थ्रॉटलला काटा त्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात यायला हवा. ४,६०० वरच अडकला तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात तो जितकं पुढे जायला बघतो ते अंतर) जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की १५० ते २०० आरपीएम वाढतात. पंखा बदलून द्यायचं पावतीवर आधीच लिहून घ्या, नंतर टाळाटाळ करतात.

रिकाम्या बोटीवर ट्रायल घेऊ नका, काटा खोटा दाखवेल. त्या दिवशी आठ जण जमत नसतील तर पाण्याचे २० लिटरचे कॅन भरून डेकवर ठेवा. २४ कॅन म्हणजे ४८० किलो. चार-पाच कॅन अगदी पुढे, जिथे खुर्ची उभी राहणार आहे तिथे ठेवा, आणि मग रिव्हर्समध्ये जेटीला लावून बघा.